एव्हरेस्टवरची पेन्सिल



आमच्या नांदेडच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. पौष महिन्यातील एका रविवारी सामान्यज्ञानाचे प्रश्न चालले होते. "जगातील सर्वांत उंच शिखर प्रथम कोणी सर केले?" पुस्तकात उत्तर छापले होते, "एडमंड हिलरी व शेर्पा तेनसिंग." सातवीतील एका मुलीने हात वर केला. "काका, हिलरीच्या आधी काहीच लिहिलं नाही. मग तेनसिंगच्या आधी शेर्पा कशाला? शेर्पा म्हणजे हमाल का?"

वर्गातील दोन-तीन मुले हसली. कारण त्या मुलीचे आजोबा नांदेडच्या मोंढ्यात चाळीस वर्षे हमाली करून आता घरी बसले आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. मुलगी खाली मान घालून बसली. आणखीही एक गोष्ट मला ठाऊक होती. वस्तीजवळची शाळा सातवीपर्यंतच आहे. पुढची शाळा लांब. तिच्या घरात अजून काही ठरलेले नव्हते.

मी मुलांना म्हणालो, "याचे उत्तर मी इथे बसून देणार नाही. आपण दोन रविवार सहलीला जाऊ. एकदा लातूर जिल्ह्यात, एकदा माहूरला. उत्तर वाटेत मिळेल." पालकांनी वर्गणी काढली, एक क्रूझर ठरली, आणि चौदा मुले, दोन ताई, एक ड्रायव्हरमामा व मी असे आम्ही निघालो.

किल्लारी : डोंगर कसा उगवतो?

पहिल्या रविवारी पहाटे पाचला नांदेड सोडले. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठले. नांदेड हे गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटर उंचीवर. लातूर सहाशे मीटरच्याही पुढे. म्हणजे क्रूझरमध्ये झोपलेल्या मुलांनी न कळत बालाघाटाचा डोंगर चढलेला होता. मी तसे सांगताच एक मुलगा डोळे चोळीत म्हणाला, "मग आम्ही पण गिर्यारोहकच की!" सगळे हसले.

लातूरहून औसा आणि पुढे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, इथली जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत जागलेले लोक गाढ झोपेत होते. दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून नऊ हजारांहून अधिक माणसे गेली. जुने गाव तसेच सोडून नवे गाव दुसरीकडे वसवावे लागले. आम्ही तिथे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिलो आणि त्रिसरण म्हटले.

मुलांना प्रश्न पडला, की गिर्यारोहणाची सहल आणि भूकंपाचे गाव यांचा काय संबंध? संबंध आहे. आपण ज्या भूमीवर उभे आहोत तो भारताचा भूखंड हळूहळू उत्तरेकडे सरकत आहे. वेग किती? वर्षाला चार-पाच सेंटीमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात साधारण तितकाच. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो आशियाच्या भूखंडाला जाऊन भिडला. मध्ये जो समुद्र होता त्याचा तळ दाबला गेला, घड्या पडल्या आणि वर उचलला गेला. तोच हिमालय. म्हणून एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडीत समुद्रातील जीवांचे अवशेष सापडतात. हा रेटा अजून थांबलेला नाही. त्याचा ताण हजारो किलोमीटर दक्षिणेला, आपल्या काळ्या पाषाणाखालीही साचतो आणि कधी एखाद्या जुन्या भेगेतून मोकळा होतो. किल्लारीला तसेच झाले असे शास्त्रज्ञ मानतात. तो कोणाच्या पापाचा कोप नव्हता, देवीचा शाप नव्हता. जो रेटा तिकडे शिखर उंच करतो, त्याच्याच ताणाने इकडे घरे पाडली. निसर्गाला आपले-परके कळत नाही. घर कसे बांधावे हे मात्र माणसाला कळू शकते.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळला मोठा भूकंप झाला, तेव्हा एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर हिमकडा कोसळून गिर्यारोहक व त्यांचे मदतनीस मृत्युमुखी पडले. आपल्या औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, पोलीस शिपाई रफिक शेख त्या वर्षी एव्हरेस्टच्या मोहिमेवर होते. २०१४ मध्येही त्यांना परतावे लागले होते. दोनदा हात हलवीत घरी आलेला हा माणूस तिसऱ्यांदा गेला आणि २०१६ मध्ये शिखरावर पोहोचला. परत फिरणे म्हणजे हरणे नव्हे, हा पहिला धडा लिहून घ्या.

खरोशाची टेकडी : धावणारा मागे का पडतो?

किल्लारीहून खरोशाला आलो. हेही औसा तालुक्यातच. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली लेणी इथल्या टेकडीत आहेत. टेकडी लहानशीच. मुले धावत सुटली. सर्वांत पुढे धावणारा नववीतला मुलगा अर्ध्यावरच धापा टाकत बसला. आणि दम घेत, हळूहळू चालणाऱ्या लहान मुली त्याच्या पुढे निघून गेल्या. लेण्यांच्या सावलीत बसून भाकरी-ठेचा खाताना मी मोहिमेची रीत सांगितली.

एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर आहे. नेपाळ व चीन या दोन्ही देशांनी ८ डिसेंबर २०२० रोजी ही उंची जाहीर केली. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे पाच कळसूबाई एकावर एक ठेवले तरी एव्हरेस्ट उरतेच. इतक्या उंचीवर हवा इतकी विरळ, की एका श्वासात समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्राणवायू मिळतो. पाणी सत्तर अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही. आठ हजार मीटरच्या वरच्या भागाला गिर्यारोहक मृत्यूचा पट्टा म्हणतात. तिथे माणसाचे शरीर विश्रांती घेतली तरी झिजतच जाते.

म्हणून कोणीही सरळ वर जात नाही. पायथ्याला तळ ठोकतात, त्याला बेस कॅम्प म्हणतात. तिथून पहिल्या छावणीपर्यंत चढायचे, पुन्हा खाली यायचे. मग दुसऱ्या छावणीपर्यंत चढायचे, पुन्हा खाली. असे करता करता रक्ताला विरळ हवेची सवय होते. या कामी दीड-दोन महिने जातात. या काळात तंबू, दोर, शिड्या, धान्य, इंधन, प्राणवायूची नळकांडी हे सारे वर न्यावे लागते. हिमाच्या भेगांवर शिड्या टाकाव्या लागतात, कड्यावर दोर बांधावे लागतात. शिखरावर दोन माणसे उभी राहावीत म्हणून खाली शेकडो माणसे राबतात.

"बेस कॅम्प म्हणजे वसतिगृहासारखंच की," दहावीतील एक मुलगा म्हणाला. अगदी बरोबर बोलला. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. नांदेड, लातूरच्या खेड्यापाड्यांतून आपली माणसे पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन त्या नागसेनवनात गेली. वसतिगृहात राहिली, पहिल्यांदा पोटभर जेवली आणि शिकली. आज आपल्यात जे कोणी प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी दिसतात, त्यांतील कितीतरी जणांचा बेस कॅम्प तोच होता.

दाभड : गोदावरीकाठची पहिली मोहीम

दुसऱ्या रविवारी माहूरला जायचे होते. वाटेत अर्धापूर तालुक्यातील दाभडला, महाविहार बावरीनगरला थांबलो. पौष पौर्णिमेला इथे मोठी धम्म परिषद भरते, तुमच्यापैकी कित्येक जण आई-वडिलांबरोबर येऊन गेले असतील. पण या ठिकाणाला बावरीचे नाव का, हे किती जणांना ठाऊक आहे?

सुत्तनिपात या प्राचीन पाली ग्रंथातील पारायणवग्गात ही कथा आहे. बावरी नावाचा वृद्ध विद्वान गोदावरीच्या काठी, अश्मक देशाच्या परिसरात राहत होता. एका मनुष्याने त्याला शाप दिला, की सात दिवसांत तुझ्या डोक्याची शकले होतील. बावरी घाबरला. मग त्याला कळले, की खरे ज्ञान सांगणारा एक बुद्ध उत्तरेत आहे. बावरी स्वतः थकलेला. त्याने आपले सोळा शिष्य पाठविले. ते पैठणहून महिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशीनारा, वैशाली असे चालत चालत मगधात पोहोचले. रेल्वे नाही, रस्ते नाहीत, नकाशे नाहीत. राजगृहाजवळच्या पाषाणक चैत्याशी तथागत आहेत असे कळताच, तहानलेला पाण्याकडे धावतो तसे ते घाईने डोंगर चढले. तिथे एकेकाने तथागतांना आपला प्रश्न विचारला. शाप आणि भीती यांना उत्तर मिळाले, की अज्ञान हेच ते डोके, आणि ते ज्ञानाने फोडायचे असते.

आपल्या गोदावरीच्या परिसरातून निघालेली, पुस्तकात नोंदलेली ही फार जुनी मोहीम आहे. आणि मुलांनो, त्या ग्रंथाने सोळाच्या सोळा जणांची नावे जपून ठेवली आहेत. अजित, तिस्समेत्तेय्य, पुण्णक, मेत्तगू, धोतक, उपसीव, नंद, हेमक, तोदेय्य, कप्प, जतुकण्णी, भद्रावुध, उदय, पोसाल, मोघराज आणि पिंगिय. पुढारी कोण एवढेच लिहून ग्रंथ थांबला नाही. प्रत्येकाचे नाव आणि प्रत्येकाचा प्रश्न. ही गोष्ट मनात ठेवून आता माहूरला चला.

माहूर : कोणाचे नाव लिहिले गेले?

हदगाव मागे पडले. माहूर-किनवटचा सागवानी मुलूख जवळ येऊ लागला. दुपारी माहूरच्या किल्ल्यावर चढलो. जुने दरवाजे, लांबच लांब तटबंदी, आत तळे, आणि खाली दूरवर पैनगंगेचे खोरे. तटाच्या आधाराने सावली पाहून बसलो.

मी म्हणालो, "आता त्या प्रश्नाचे उत्तर. पहिले पाहू, एव्हरेस्ट हे नाव कुठून आले?"

इंग्रजांच्या काळी, १८०२ साली मद्रासकडून भारताची मोजणी सुरू झाली. विल्यम लँबटन हा अधिकारी अर्धा टन वजनाचे कोन मोजण्याचे यंत्र घेऊन त्रिकोणामागून त्रिकोण मोजीत उत्तरेकडे निघाला. ती मोजणीची रेषा निजामाच्या राज्यातून, आपल्या मुलखाच्या पूर्वेकडून वर सरकली. १८२३ मध्ये लँबटन आपल्या शेजारच्या विदर्भात, हिंगणघाट येथे वारला. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. ते अर्ध्या टनाचे यंत्र डोंगरांवर कोणी चढविले? खलाशांनी आणि हमालांनी. त्यांची नावे कुठे आहेत? १८५२ मध्ये राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून कळले, की 'शिखर क्रमांक १५' हे सर्वांत उंच आहे. पण १८६५ मध्ये शिखराला नाव मिळाले ते निवृत्त होऊन गेलेल्या एव्हरेस्ट साहेबाचे. खुद्द एव्हरेस्टलाही ते फारसे पसंत नव्हते. तिबेटी लोक त्या पर्वताला आधीपासूनच चोमोलुंग्मा म्हणत होते.

आता शेर्पा. शेर्पा हे कामाचे नाव नाही, लोकांचे नाव आहे. 'शर' म्हणजे पूर्व आणि 'पा' म्हणजे लोक. पूर्वेकडून आलेले लोक ते शेर्पा. ते नेपाळच्या डोंगरात राहतात आणि बौद्ध आहेत. साहेबांच्या मोहिमा सुरू झाल्यावर हेच लोक ओझी वाहू लागले, म्हणून जगाने त्यांच्या नावाचा अर्थच हमाल करून टाकला. एखाद्या समाजाचे नाव आणि त्याच्या माथी मारलेले काम एकच करून टाकायचे, ही रीत आपल्याला काही नवी नाही.

१९२२ च्या मोहिमेत ७ जून रोजी हिमकडा कोसळून सात भारवाहक मेले. त्या काळच्या मोहिमांतील मॅलरी आणि आयर्विन यांची नावे जगभर गेली. १९२४ मध्ये ते दोघे शिखराजवळ नाहीसे झाले आणि १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला, तेव्हाही वर्तमानपत्रे भरून आली. त्या सात जणांची नावे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत.

तेनसिंग नोर्गे १९१४ मध्ये गरिबाच्या घरी जन्मला. शाळा त्याने पाहिली नाही. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. १९३५ मध्ये तो पाठीवर ओझे घेऊन पहिल्यांदा एव्हरेस्टच्या मोहिमेत गेला. पुढे पुन्हा पुन्हा गेला. १९५२ मध्ये स्विस गिर्यारोहक लँबर्ट याच्याबरोबर तो जवळजवळ ८,६०० मीटरपर्यंत पोहोचला आणि परत फिरला. पुढल्या वर्षी जॉन हंट यांच्या ब्रिटिश मोहिमेत तो होता. त्या मोहिमेत साडेतीनशेहून अधिक हमाल होते. काठमांडूला साहेब लोकांची सोय वकिलातीत झाली. शेर्पांना झोपायला मोटारीच्या गॅरेजची फरशी मिळाली. पूर्वी तो घोड्यांचा तबेला होता. शेर्पांनी तिथेच निषेध केला. डोंगरावर एकाच दोराला बांधलेली माणसे गावात आली की एका छपराखाली चालत नाहीत, हे काय ते तुम्हाला समजावून सांगायला नको.

२६ मे १९५३ रोजी पहिली जोडी शिखराच्या अगदी जवळून परत फिरली. २९ मे रोजी सकाळी साडेअकराला तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर उभे राहिले. हिलरीने तेनसिंगचे छायाचित्र काढले. हातातील कुदळीला संयुक्त राष्ट्रसंघ, ब्रिटन, नेपाळ आणि भारत यांचे झेंडे. पुढे हंट आणि हिलरी यांना इंग्लंडच्या राणीने 'सर' ही पदवी दिली. तेनसिंगला जॉर्ज पदक मिळाले. जग विचारीत राहिले, पहिले पाऊल कोणाचे? तेनसिंगने दोन वर्षांनी आपल्या आत्मकथेत साधेपणाने सांगून टाकले, की हिलरी पुढे होता, मी मागे. आणि दोराच्या दोन टोकांना बांधलेल्या माणसांत असा प्रश्न नसतो.

माथ्यावर तेनसिंगने बर्फ उकरून थोडी मिठाई ठेवली. आणि तिच्याबरोबर एक लहानशी लाल-निळी पेन्सिल. ती त्याची मुलगी निमा हिने दिलेली होती. मुलांनो, ज्या माणसाला एक अक्षर लिहिता येत नव्हते, त्याने जगाच्या माथ्यावर आपल्या मुलीची पेन्सिल ठेवली!

किल्ल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ती सातवीतील मुलगी म्हणाली, "काका, माझे आजोबापण अंगठा देतात."

निजामाबादची पूर्णा, खम्ममचा आनंद

तेनसिंगची गोष्ट तिथे संपली नाही. १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. शाळा न पाहिलेला तेनसिंग तिथे प्रशिक्षणाचा प्रमुख झाला. साठ वर्षांनी त्याच संस्थेत दोन मुले शिकायला गेली, आणि ती आपल्या अगदी शेजारची आहेत.

नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने निघालात, की धर्माबाद, बासर आणि मग निजामाबाद. त्या निजामाबाद जिल्ह्यातील पाकाला गावची मालावत पूर्णा. आई-वडील शेतमजूर. जात लंबाडा, म्हणजे आपले बंजारा. आपल्या मुखेड, कंधार, किनवटच्या तांड्यांवर बोलतात तीच तिच्या समाजाची गोरमाटी बोली. दुसरा खम्मम जिल्ह्यातील दलित कुटुंबातील साधनापल्ली आनंदकुमार. दोघेही सरकारच्या समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. या शाळा उभ्या राहाव्यात म्हणून एस. आर. शंकरन या सनदी अधिकाऱ्याने आयुष्य वेचले. पुढे आर. एस. प्रवीणकुमार हे पोलीस अधिकारी त्या संस्थेचे सचिव झाले. गरिबांची मुले केवळ पास व्हावीत एवढ्यावर ते समाधानी नव्हते.

शंभराहून अधिक मुलांना भोनगीरच्या खडकावर चढण्याचे शिक्षण देण्यात आले. त्यांतून निवडलेली दार्जिलिंगला गेली. त्यांतली काही हिवाळ्यात लडाखला. शेवटी उरले दोघे. नेपाळच्या बाजूने १६ वर्षांखालील मुलांना परवानगी नसते, म्हणून ती तिबेटच्या बाजूने गेली. १८ एप्रिल २०१४ रोजी पलीकडे, नेपाळच्या बाजूला, हिमकडा कोसळून १६ जण ठार झाले. ते सारे दोर व ओझी वाहणारे कामगार होते. त्यांच्या कुटुंबांना जाहीर झालेली तातडीची मदत इतकी तुटपुंजी होती, की शेर्पांनी कामच थांबविले आणि विमा व भरपाईची मागणी केली. त्या वर्षी नेपाळकडील चढाया जवळजवळ बंद पडल्या. कामगाराच्या जिवाची किंमत मागावीच लागते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना याच कामासाठी झटले होते.

पूर्णा आणि आनंद यांची मोहीम मात्र चालू राहिली. २५ मे २०१४ रोजी दोघेही माथ्यावर पोहोचले. पूर्णाचे वय १३ वर्षे ११ महिने. एव्हरेस्टवर पोहोचलेली जगातील सर्वांत लहान मुलगी! तिथे तिरंगा फडकला, आणि बाबासाहेबांचे व शंकरन यांचे छायाचित्र जगाच्या माथ्यावर उंचावले गेले. पुढे २०२२ मध्ये पूर्णाने सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे पुरी केली.

आपल्या महाराष्ट्रातही सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचणारे पहिले मराठी गिर्यारोहक ठरले. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी शिखरावर गेले. त्यांची नावेही पाठ करा. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे, विकास सोयाम. त्यांच्या भागातला राजुरा तालुका १९५६ ते १९५९ आपल्या नांदेड जिल्ह्यातच होता. आणि १६ जानेवारी २०२१ रोजी के-२ हे दुसऱ्या क्रमांकाचे शिखर पहिल्यांदा भर हिवाळ्यात सर झाले, ते दहा नेपाळी गिर्यारोहकांनी. त्यांतील नऊ शेर्पा होते. माथा काही पावलांवर असताना पुढचे थांबले. मागचे आल्यावर दहाही जण बरोबरीने शेवटची पावले चालले. या वेळी ओझे वाहणारे आणि नाव मिळविणारे एकच होते.

नाव कुठे लिहायचे?

उतरायची वेळ झाली. दोन मुले तटाच्या दगडावर कोळशाने आपले नाव लिहीत होती. मी त्यांना थांबविले. हा किल्ला आपल्या सर्वांचा आहे, त्याला विद्रूप करू नका. वही काढा. आणि आपले नाव लिहिण्यापूर्वी आपल्याला इथपर्यंत कोणी आणले त्यांची नावे लिहा.

मुले विचार करू लागली. कोणी पहाटे उठून भाकरी करणाऱ्या आईचे नाव लिहिले, कोणी वर्गणी देणाऱ्या मावशीचे. एकाने जाऊन ड्रायव्हरमामांना त्यांचे पूर्ण नाव विचारले. मामा म्हणाले, "वीस वर्षं सहली नेतो, पण नाव पहिल्यांदाच कोणी इचारलं बघा." ती मुलगी बराच वेळ लिहीत होती. पहिल्या ओळीत तिने आजोबांचे संपूर्ण नाव लिहिले होते, वडिलांचे नाव, आडनाव, गाव यांसह.

आठवड्याने आजोबा नातीचा हात धरून विहारात आले. वंदना झाल्यावर ते मला म्हणाले, "गुरुजी, जयभीम. पोरीनं सगळं वाचून दाखवलं. त्या पेन्सिलीचं पुढं काय झालं?"

मी म्हणालो, "बर्फातच असेल, आजोबा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जूनमधी हिचं नाव आठवीत घालायचंय. शाळा लांब हाय, पण वसतिगृह हाय म्हणतात. कागदं कोणती लागतात, तेवढं सांगा."

बालमित्रांनो, तुमच्या वस्तीतही सातवी, दहावीला थांबलेले एखादे मूल असेल. पालकांनो, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला ही कागदपत्रे मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा आणि वसतिगृहाच्या प्रवेशाची चौकशी वेळेत करा. शिखर पुढे आहे. आधी शाळेत नाव घाला.